रंग सांग

मीठ घातलेल्या ताकाचा पहिला घोट घेतला आणि हेमालीचा हात तसाच थांबला. ताक आंबट नव्हतं, शिळं नव्हतं. सकाळीच खालच्या डेअरीतून आणलं होतं. तोंडात असेपर्यंत ते ताकासारखंच लागलं. गिळून झाल्यावर जिभेच्या मागच्या अंगाला कडवट चव उरली, कारल्यासारखी नव्हे, चघळली गेलेल्या औषधाच्या गोळीसारखी. शनिवारची दुपार होती. खारघरच्या त्या भाड्याच्या घरात तिच्याशिवाय कुणी नव्हतं. खाली कुणीतरी गाडी धूत होतं आणि पाइपातून पडणाऱ्या पाण्याचा आवाज एकसारखा येत होता. तिनं पेला ओट्यावर ठेवला, मिठाची बरणी उघडली, चार खडे तळहातावर घेतले, त्यातला एक जिभेवर ठेवला आणि घड्याळाकडे पाहिलं. आधी नुसतं खारट. मग आठ सेकंदांनी कडू. दुसरा खडा ठेवला. पुन्हा आठ. ती ओट्याला टेकून उभी राहिली, कारण हे मीठ घरचं होतं, बाबाच्या मिठागरातलं. दरवर्षी शिमगा झाला की आई जॅमच्या रिकाम्या बरणीत नवं मीठ भरून पाठवायची. या वर्षीची बरणी दिपेशनं, तिच्या भावानं, बंदरातून माल घेऊन येताना कळंबोलीला ट्रेलर थांबवून तिच्या हातात दिली होती. हेमाली सव्वीस वर्षांची होती, आणि तिच्या आठवणीत बाबाचं मीठ एकदाही कडू झालं नव्हतं.

कडू का होतं हे तिला माहीत होतं. माहीत असण्याचा या क्षणी काही उपयोग नव्हता, तरी ती मनातल्या मनात पायऱ्या मांडत गेली. तिची ती सवयच होती. खाडीचं पाणी उघाडीची, म्हणजे बांधातल्या दाराची, फळी वर केली की मिठागरात येतं, तेव्हा ते मातकट असतं. एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, ऊन खात ते दाट होत जातं. आधी हिरवट, मग एखाद्या सकाळी अचानक गुलाबी, मग लाल. लाल पाण्याखाली मीठ धरतं. तो लाल कुठून येतो ते तिला कॉलेजात कळलं होतं: इतक्या खारट पाण्यात दुसरं काही जगत नाही, पण काही सूक्ष्म जीव जगतात, त्यांच्या अंगाचा तो रंग. त्या सुट्टीत तिनं धावत येऊन हे बाबाला सांगितलं, तेव्हा बांधावर उकिडवा बसलेला बाबा म्हणाला होता, "जीव असतील तं असू दे. लाल हाय ना? मंग झालं." लालाचा पुढं विटकरी होतो. पाणी जड होतं, वाऱ्यानं तेलासारखं हलतं. त्यातलं मीठ आता खाली बसलेलं असतं आणि पाण्यात नुसते कडू क्षार उरतात. ते पाणी त्याच दिवशी खाडीला सोडून द्यायचं. दोन-तीन दिवस उशीर झाला की कडूपणा मिठाला धरतो. शेजारच्या मिठागरांवर पाण्यात बुडवायची काचेची नळी होती, ती आकडा सांगायची. गुणाजीनं, म्हणजे बाबानं, ती कधी हातात घेतली नाही. "काच फुटते," तो म्हणायचा. "डोला काय फुटत न्हाय."

गंमत अशी की रंगावर पोट भरणारं घरातलं दुसरं माणूस ती स्वतः होती. तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, ती एका यंत्रासमोर बसायची. यंत्र कुठल्याही रंगाचे तीन आकडे करून देई. हा लाल त्या लालापासून किती दूर आहे हे ती दशांशात सांगू शकत असे. फरक एकाच्या आत असला तर माणसाच्या डोळ्याला कळत नाही, एकाच्या वर गेला की गिऱ्हाईक तक्रार करतं. हे यंत्र नवं आलं तेव्हा ते शिकून घ्यायला कारखान्यानं तिला गेल्या सप्टेंबरात दहा दिवस पॅरिसला पाठवलं होतं. दहांतला एक दिवस मोकळा होता. सोबतचे दोघे मोठा मनोरा बघायला गेले. हेमाली एकटीच गाडीत बसली आणि तासाभरानं व्हेर्नों नावाच्या स्टेशनवर उतरून जिव्हर्नीच्या वाटेला लागली, चालत. कधीतरी एका दिनदर्शिकेवर तिनं तिथल्या तळ्याचं चित्र पाहिलं होतं आणि तिला वाटलं होतं की हे पाणी आपल्या ओळखीचं आहे. एवढंच कारण. ते कुणाला सांगण्याजोगं नव्हतं.

आता ओट्यापाशी उभं राहून, तळहातावरचे दोन खडे ओलसर होत असताना, ती पुन्हा त्या वाटेनं चालू लागली. वाट सपाट होती, पूर्वी तिथून आगगाडी जायची म्हणे. दोन्ही बाजूंना धुकं होतं आणि धुक्यात सफरचंदाची झाडं, फळं गळून गवतात पडलेली. आपल्या पावलांचा आवाज आपल्या थोडा मागून येतो आहे असं तिला वाटत होतं. गाव लहान, एका रस्त्याचं. मोने नावाचा चित्रकार इथं आला आणि मरेपर्यंत, त्रेचाळीस वर्षं, इथंच राहिला. गुलाबी भिंतींचं, हिरव्या खिडक्यांचं घर, फुलांचे ताटवे, मग रस्त्याच्या खालून एक लहानसा बोगदा, आणि त्यातून बाहेर आलं की तळं. माणसं पुष्कळ होती. पुलावर फोटो काढायला ओळ लागली होती. पण ती बांबूच्या कडेनं पलीकडे गेली आणि तिथं एकदम शांत झालं. पाणी होतं आणि पाण्यात आकाश आडवं पडलेलं होतं, वर कुमुदाची पानं. एक माळी चपट्या होडीतून, काही न बोलता, लांब दांड्याच्या जाळीनं पिकली पानं उचलत होता. तो वाकला की पाण्यातला माणूसही वाकायचा. हेमाली बघत राहिली. किती वेळ ते तिला, जिला सगळं मोजायची सवय होती तिला, नंतर सांगता आलं नसतं. माळ्याचे पाय होडीत होते, तरी तिला ते पाण्यात दिसत होते, पोटऱ्यांपर्यंत, उन्हानं काळे पडलेले, मिठानं टाचा फाटलेले. पाण्यावरून एक आवाज येईल असं वाटत होतं. कसला ते आठवत नव्हतं. मग तिची नजर तळ्याच्या टोकाला गेली आणि ती स्वतःशीच हसली. तिथं उघाडी होती. छोटीच, पण उघाडीच. त्या माणसानं जवळच्या ओढ्याचं पाणी वळवून आत घेतलं होतं आणि हवं तेव्हा कोंडायची सोय केली होती. तेव्हाच तिनं ठरवलं की घरी गेल्यावर हे बाबाला सगळ्यात आधी सांगायचं.

परतीच्या गाडीत, खिडकीवर डोकं टेकून, तिनं फोनवर त्या चित्रकाराबद्दल वाचलं. म्हातारपणी त्याला मोतीबिंदू झाला होता. डोळ्यातलं भिंग पिवळं, मग तपकिरी होत गेलं. पांढरं पिवळट दिसायला लागलं, निळं मावळलं. ज्या तळ्याचे हिरवे-निळे त्यानं आयुष्यभर काढले, ते पुढं पुढं चित्रात गंजासारखं, मातीसारखं व्हायला लागलं. ऑपरेशनला तो दहा वर्षं नाही म्हणत होता. रंगांच्या नळ्यांवरची नावं वाचून, आणि प्रत्येक रंग पाटीवर ठरलेल्या जागीच ठेवून, तो अंदाजानं चित्रं काढत राहिला. हे सगळं तिला फार आवडलं होतं. पिवळं भिंग निळा प्रकाश गिळतं, हे किती साधं आणि किती नेमकं. तिनं वहीत टिपून ठेवलं होतं, सालासकट.

आणि मग घर. तेरा दिवसांनी. पाऊस सरत आला होता, मिठागर नुसतं पाण्याखाली होतं, बाबा पडवीत बसला होता. तिनं फोन त्याच्यापुढं धरला आणि तळं दाखवलं. त्यानं फोन हातात घेतला, लांब नेला, जवळ आणला. "मस्त हाय," तो म्हणाला. "तिथं पन पानी लालच काय गो?" ती खोखो हसली होती. "हिरवं आहे बाबा! एवढं हिरवं!" तो थांबला. मग तोही हसला. "मस्करी केली तुजी," तो म्हणाला.

आता ओट्यापाशी तिला ते थांबणं दिसलं. हसण्याच्या आधीचं. अर्ध्या सेकंदाहून जास्त नसेल. त्या अर्ध्या सेकंदात बाबानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं होतं, आपण काय चुकलो ते तिथून वाचायला. जसा शाळेत ऐकू न येणारा मुलगा शेजारच्याच्या ओठांकडे बघतो. तिनं मूठ मिटली. खडे टोचले. शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या एका माणसाच्या कुठल्या डोळ्याचं ऑपरेशन कुठल्या साली झालं हे तिला पाठ होतं. खाली गाडी धुणाऱ्यानं पाणी बंद केलं, आणि इतका वेळ तो आवाज आपण त्या माळ्याच्या जाळीतून गळणाऱ्या पाण्याचाच समजत होतो हे तिच्या लक्षात आलं.

रविवारी सकाळी ती बसनं निघाली. पिशवीत कारखान्यातली रंगपट्ट्यांची जुडी होती. पंख्यासारखी उघडणारी, दुकानात भिंतीचा रंग निवडायला देतात तशी. ती का घेतली ते तिला नीट माहीत नव्हतं. उलव्याच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगांना कंटेनरचे डोंगर सुरू झाले, निळे, नारिंगी, गंजके तांबडे, आणि प्रत्येक रंगाकडे बघताना ती एक डोळा किलकिला करून मनात त्यावर पिवळट काच धरून बघू लागली. निळा मेला. नारिंगी राहिला. तांबडा आणि तपकिरी एकमेकांजवळ सरकले, आणखी जवळ, आणि मग दोघांत काही अंतरच उरलं नाही. असा वाफा. आज लाल, उद्या विटकरी, आणि बघणाऱ्याला दोन्ही दिवशी एकच पाणी. बस थांबली तेव्हा तिला उतरायचं भान नव्हतं. कंडक्टर ओरडला, "ताई, उरणला नेऊ का झोपेत?"

कमळ मागच्या अंगणात जवळा वाळत घालत होती. लेकीला बघून तिनं पदरानं तोंड पुसलं. "आज कशी आलीस? सांगलं पन न्हाय."

"आय, यंदाचं मीठ चाखलंस तू?"

"क्याला चाखू? तुज्या बापसानं पिकवलंय."

"कडू आहे."

कमळ जवळा पसरत राहिली. बोटांनी नुसताच पसरलेला जवळा पुन्हा पसरत राहिली.

"आय, बाबाला कधीपासून दिसत नाही?"

"दिसतंय त्याला. चालतंय, जेवतंय, मानसां वलकतंय. परवा शेजारच्या मोरूची म्हस वलकली, पार तिकडनं." ती थांबली. "रंग वलकत न्हाय."

मग तिनं सांगितलं, जवळ्याकडे बघत. तीन वर्षं झाली. आधी तिला मस्करीच वाटली होती. संध्याकाळी चहा घेऊन ती बांधावर गेली की तो म्हणायचा, कमले, रंग सांग. ती म्हणायची, लाल. तो मान हलवायचा, जसा काही तिचीच परीक्षा घेतो आहे. रोज. एके दिवशी ती चेष्टेनं म्हणाली, निळा. त्यानं तशीच मान हलवली. त्या दिवसापासून तिनं चेष्टा केली नाही. रोज संध्याकाळी पाण्याजवळ जाऊन, नीट वाकून बघून, ती रंग सांगू लागली आणि तो फळी उचलू लागला. दोघांनी त्याबद्दल एकमेकांशीही शब्द काढला नाही.

"मग या वर्षी?"

"तुज्या नलूमावशीच्या पोरीची हळद व्हती ना पेनला. नलू ऐकते काय? चार दिस ठेवून घेतलं. मी म्हनलं, नको, पानी विटकरी व्हायला आलंय. तं तुजा बापूसच बोलला, तू जा गो, मना दिसतंय." कमळनं डोळे पुसले, मग जवळ्याचा हात लागला म्हणून पुन्हा दंडानं पुसले. "आल्या आल्या बगितलं. विटकरी पन न्हाय, पार काला पडलेला. मीच सोडलं पानी. त्याला सांगलं न्हाय. आख्खा वाफा कडू झाला. तुजी बरनी औंदा त्यानंच भरली, त्याला नको कशी म्हनू?"

"मला का नाही सांगितलं? एवढंसं ऑपरेशन असतं आय. अर्ध्या तासाचं."

"त्याला सांग. मोरूनं केलं ना औंदा पनवेलला. तो येऊन बोलला, गुणाजी, सगलां निलां दिसतंय रे, ट्यूबलाइट लावल्यावानी. तवापासून याचं एकच, माजा लाल गेला तर मी काय करू. सगल्या उरनात डोल्यानं मीठ धरनारा तो एकला राहिला. आनि कुनाला सांगलंस तं मिठागर सोडीन, असा बोलला."

बांधावर ऊन चढलं होतं. एका बाजूला चार वाफे, त्यांच्यापलीकडे भराव, भरावापलीकडे गोदामांची पांढरी छपरं. वर्षावर्षाला भराव एकेक वाफा अलीकडे येत होता. बाबा फळीनं मीठ ओढत होता, ढिगाच्या कडा हातानं सारख्या करत होता. तिची चाहूल लागली तसा तो वळला. "फ्रान्सवाली आली! काय गो, कामावरनं काढली काय?"

"काढली तर तू ठेव मला कामाला. बस ना जरा."

तो बसला. तीही बसली, पाय वाफ्यात सोडून. बाबाला ती अरे-तुरेच करायची; त्यांच्या घरात, त्यांच्या गावात बापाला कुणी अहो-जाहो करत नाही. पाणी कोमट होतं आणि पावलांखाली मिठाचे कण कुरकुरले. तिला वाटलं, आत्ता पलीकडून एक चपटी होडी येईल, आतला माणूस वाकेल, पाण्यातला माणूस वाकेल. तिनं पिशवीतून रंगपट्ट्या काढल्या आणि त्याच्या मांडीवर पंखा उघडला. उन्हात ते सगळे लाल एकदम पेटल्यासारखे झाले: कुंकवाचा, मिरचीचा, कौलाचा, विटेचा, पुढं गुळाचा, नारळाच्या सोडणाचा.

"यातला तुझ्या पाण्याचा लाल कुठला?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तोच अर्धा सेकंद. यावेळी तिनं चेहरा मुद्दाम कोरा ठेवला. तो पंख्यावर वाकला. मिठानं पांढरी पडलेली त्याची तर्जनी पट्ट्यांवरून सरकत गेली, मागे आली, पुन्हा गेली. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. कितीतरी वेळानं बोट एका जागी थांबलं. "हा," तो म्हणाला. "हाच. सकालच्या उन्हातला." आणि बोट तसंच ठेवून, कोवळं हसून, "चांगला वलकला का न्हाय?"

बोट सोडणाच्या तपकिरीवर होतं. हेमालीला त्याचे तिन्ही आकडे पाठ होते. खऱ्या लालापासून तो किती दूर होता ते ती सांगू शकली असती. हो म्हण, तिच्या आत कुणीतरी म्हणालं. हो म्हण, उठ, मीठ चांगलं आहे म्हण, आणि आईला म्हण की लग्नाकार्याला जाऊ नकोस. आयुष्यभर हे असंच चालेल. वाफेही संपत आलेच आहेत.

"तपकिरी आहे बाबा," ती म्हणाली. "आणि मीठ कडू झालंय."

त्यानं बोट काढलं नाही. दूर कुठं तरी ट्रेलरचा हॉर्न वाजला. वाफ्यावर एक तुतारी पक्षी उतरला, दोन पावलं चालला, पाण्यात चोच घातली आणि उडून गेला.

"कमलेनं सांगलं?"

"जिभेनं सांगितलं. आईनं नंतर."

"म्हंजे तीन वर्सां मी तपकिरी पान्यात मीठ धरतोय." तो हसला, पण ते हसू अर्ध्यातच विरलं. त्यानं ढिगातून चिमूटभर मीठ उचललं आणि पुन्हा ढिगात टाकलं. चाखलं नाही.

मग तिनं त्याला ते सांगितलं जे सप्टेंबरात सांगायचं राहिलं होतं. मोने नावाच्या माणसाचं तळं.

"मोने? आमच्या शालंत मोने मास्तर व्हते, रेवदंड्याचं. त्यांच्यातला काय?"

"नाही रे. तिकडचाच."

"पानी कुठनं घेतलं त्यानं?"

पहिला प्रश्न हाच असणार हे तिला माहीत होतं. तिनं ओढ्याचं सांगितलं, उघाडीचं सांगितलं. गावातल्या लोकांनी आधी तक्रार केली होती, याच्या परदेशी झाडांनी आमचं पाणी बाटेल म्हणून, तेही सांगितलं. "गाववाले सगलीकडं सारकेच," बाबा म्हणाला. मग तिनं डोळ्यांचं सांगितलं. तो गुडघ्यांना हातांची मिठी घालून ऐकत होता, पाण्याकडे बघत. मध्येच त्यानं विचारलं, "दिसत नव्हता तं रंग कसा लावायचा?"

"नळ्यांवर नावं असतात. वाचून. आणि रंग ठरल्या जागी मांडून ठेवायचा, हात जाईल तिथं."

"त्याची कमल नव्हती काय?"

"होती. ती आधीच गेली."

"मंग कठीन," तो म्हणाला.

"मग केलं त्यानं ऑपरेशन. वय ब्याऐंशी. उजवा डोळा."

"आनि दिसला लाल?"

ती खोटं बोलू शकली असती. "आधी सगळं निळं दिसायला लागलं. फार चिडला. चष्मे बदलले, डॉक्टरला शिव्या दिल्या. हळूहळू बसलं."

"म्हंजे मोरू खोटा न्हाय." आणि थोड्या वेळानं, "जुनी चित्रां? तपकिरी? ती काय केली?"

"काही फाडली. काही परत रंगवली. काही तशीच ठेवली."

"आनि डावा डोला?"

"डावा त्यानं करू दिला नाही. शेवटपर्यंत."

बाबानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. यावेळी तो तिचा चेहरा वाचत नव्हता. त्याच्या बुबुळात मागे, फार आत, भातावरच्या पेजेसारखा करडा ढग तिला उन्हात स्वच्छ दिसला. इतकी वर्षं तो तिथंच होता. "शाना व्हता," बाबा म्हणाला. "आपन पन एकच करू. उजवा. मिठाला एक डोला पुरे."

"अर्धवट कशाला? दोन्ही होतात, महिन्याच्या अंतरानं..."

"आनि माजा जुना लाल कुटं ठेवू?" त्यानं पट्ट्यांचा पंखा मिटला आणि तिच्या हातात दिला. तपकिरीची पट्टी मात्र त्यानं बोटात धरून ठेवली होती. ती जुडीतून सुटून त्याच्याकडेच राहिली.

ऑपरेशन पनवेलला झालं, अर्ध्या तासात. औषधाचे थेंब दिवसातून सहा वेळा, आणि महिनाभर मिठागराचं नाव काढायचं नाही. तो महिना दिपेशनं गाडीला सुट्टी घेऊन मीठ ओढलं आणि संध्याकाळी कमळनं रंग सांगितला. बाबा पडवीत काळा चष्मा लावून बसायचा. हेमाली फोन करायची तेव्हा तो डोळ्याबद्दल बोलायचा नाही. एकदाच म्हणाला, "तुज्या आयचं लुगडं जांभलं हाय. मना वाटायचं, काला."

मे अर्धा झाला होता. पाऊस तीन आठवड्यांवर होता आणि हे शेवटचं मीठ. रविवारी संध्याकाळी तिघं बांधावर होती. ऊन तिरपं झालं होतं, आकाश वाफ्यात पूर्ण उतरलं होतं आणि वर-खाली काय ते सांगणं अवघड होतं. हेमालीनं ओलं मीठ उचललं, एक खडा जिभेवर ठेवला आणि मनात मोजू लागली. एक. दोन. बाबानं काळा चष्मा काढून खिशात घातला. डावा डोळा मिटून पाण्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग उजवा मिटला, डाव्यानं पाहिलं. तीन. चार. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते तिला नाव देता येईना. लांबच्या प्रवासाहून आलेला माणूस आधी दारात उभा राहून घर बघतो, तसं काहीतरी. त्यानं पुन्हा उजवा उघडला. पाच. तो वाकला आणि त्याचा हात आपोआप उघाडीच्या फळीवर गेला. बोटं फळीच्या कडेखाली सरकली. त्याला दिसलं होतं. हेमालीनं ते बोटांवरून ओळखलं. सहा. पण त्यानं फळी उचलली नाही. तसाच, वाकलेला, तो थांबला.

"कमले," तो म्हणाला. "रंग सांग."

कमळनं त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या फळीवरच्या हाताकडे. "दिसतंय ना आथा तुमाला?"

"दिसतंय. तू सांग."

कमळ पदर खोचून पाण्याजवळ गेली. रोजच्यासारखी नीट वाकली. पाण्यातली बाईही वाकली. सात. घाई नव्हती कुणाला. पलीकडे भरावावर दिवे लागायला अजून वेळ होता.

"विटकरी व्हायला आलाय," ती म्हणाली. "सोडा."

त्यानं फळी उचलली. जड पाणी तेलासारखं, आवाज न करता, खाडीकडे निघालं. हेमालीच्या जिभेवरचा खडा विरत होता, खारट, नुसता खारट. आठ तिनं मोजले होते. पुढचं मोजायचं ती विसरली.